गजलक्ष्मीचे आठ लोड

पहिलं कुत्रं दिसलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तोंडात काहीतरी पांढरं घेऊन ते बर्फाच्या कारखान्यामागून पळत आलं, माझ्या मोटरसायकलसमोर क्षणभर थांबलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चोरी पकडली गेल्यावर माणसं जशी मुद्दाम सावकाश चालायला लागतात तसं सावकाश निघून गेलं. मला वाटलं थर्मोकोल असेल. मासळीच्या बंदरावर थर्मोकोलला काय तोटा!

दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडात निळी साल होती.

ती साल मी लगेच ओळखली. गाडी तिथेच टाकून मी धक्क्याकडे धावलो.

धक्क्यावर अकरा कुत्री होती. आमच्या पोयनाळी गावात एवढी कुत्री आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बोट धक्क्यावर घासू नये म्हणून टांगायचे, उन्हात ओळीने मांडून ठेवलेले आमचे आठ नवेकोरे फेंडर, आणि त्यांच्यावर तुटून पडलेली ही पंगत. निळी रबरी साल फाडून आतला पांढरा फोम ओढून काढत होती, आणि खाडीवरचा वारा तो फोम लाह्यांसारखा धक्काभर उधळत होता. एक म्हातारी कुत्री तर एका फेंडरच्या पोटात निम्मी शिरून नुसती शेपटी हलवत होती.

"हाड्! हाड्! शिरा पडो तुमच्या तोंडार!"

मागून लाडूकाका वल्हं उगारून धावत आले. लाडूकाका मेथर, वय अडुसष्ट, चाळीस वर्षं खलाशी. जेवायला घरी गेले होते, हाताला अजून भात होता. कुत्री पांगली, पण फार लांब गेली नाहीत. दहा हातांवर बसून जिभा चाटत राहिली.

लाडूकाकांनी वल्हं खाली ठेवलं. एका फाटक्या फेंडरवर हात फिरवला.

"झिला," ते मला म्हणाले, "ह्या काय झाला रे?"

मी घड्याळ बघितलं. दोन वाजून सतरा मिनिटं. बोट चार वाजून बारा मिनिटांनी लागायची होती.

ही बोट म्हणजे 'गजलक्ष्मी'. आमच्या सोसायटीची. पंच्याऐंशी फुटी, दोन मजली, फायबरची, बगळ्यासारखी पांढरी. खाडीपार नेणारी जुनी तर, म्हणजे फेरीबोट, बंद पडल्यापासून तीन वर्षं आमची पोरं कॉलेजला आणि आमचे आजारी दवाखान्यात अडतीस किलोमीटरचा वळसा घालून जात होते. घरटी एकेक भाग घेऊन गावाने ही बोट बांधून घेतली होती. सत्तर माणसं तिला आणायला म्हणून बांधणीच्या यार्डात गेली होती आणि आता तिच्यातूनच येत होती. आमचा धक्का मात्र जुना. त्याच्या तोंडावरचं सिमेंट खाऱ्या पाण्याने खाऊन टाकलेलं, आणि आतल्या गंजक्या सळया साळिंदरासारख्या बाहेर आलेल्या. त्या सळया आणि गजलक्ष्मीचं पांढरं अंग यांच्यामध्ये काहीतरी मऊ आणि टिकाऊ टांगायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं. मी सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा केलेला, सोसायटीचा नवाकोरा धक्का-मॅनेजर.

ते काम मी फार थाटात केलं होतं. सोसायटीच्या सभेत मासळीच्या ट्रकवाल्या बाबी आडकरने उभं राहून सांगितलं, "ट्रकचे जुने टायर टांगा. माझ्याकडचे घेवन जावा. आजपर्यंत सगळ्या होड्या टायरांवरच लागल्या." त्यावर मी म्हणालो, "टायर म्हणजे भंगार. पांढऱ्या बोटीला काळे पट्टे पडतील, आणि आतली तार सुटली तर बोटीचं पोट फाडेल." लोक हसले. बाबी बसला. मग मी तीन कंपन्यांचे तीन नमुने मागवले आणि बंदरावर त्यांची परीक्षा लावली. हवा भरलेला पहिला नमुना एका कोळणीने बांगड्याच्या सुरीने टोचला, तो फुस्स करून खाडीपलीकडे गेला. दुसऱ्याच्या कड्या पहिल्याच भरतीत तुटल्या. तिसरा फोम भरलेला. त्याच्या अंगावरून बर्फाचा ट्रक नेला, बायकांनी कोयत्या मारल्या, तीन दिवस तीन रात्री तो धक्क्यावर आपटत ठेवला. ओरखडासुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी बोलून गेलो, "ह्या फेंडरवर गजलक्ष्मीला एक जरी ओरखडा आला, तर दुसऱ्या दिवशी माझा राजीनामा."

अध्यक्ष भाई पराडकरांनी ते लगेच सभेच्या वहीत लिहून घेतलं. एरवी त्या वहीत चहा कुणी सांगितला एवढंच लिहिलेलं असायचं.

फेंडर आले. माणसाएवढे लांब, मिठी मारली तर हात जेमतेम जुळतील एवढे जाड. गावाने बघितल्याबरोबर त्यांचं नाव 'लोड' ठेवलं, आणि भाईंच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना पांढरे अभ्रे शिवायचे का असं विचारून घेतलं. लोड सांभाळायचं आणि बोटीचा दोर धरायचं काम लाडूकाकांना दिलं.

कुत्र्यांची परीक्षा मात्र आम्ही घेतली नव्हती.

"पण कुत्र्यांना रबर कशाला हवं?" मी ओरडलो. मग खाली वाकलो, आणि वास आला. नाकातून थेट मेंदूत जाणारा. "काका, ह्याला काय लावलंय?"

"तेल." लाडूकाकांच्या चेहऱ्यावर एवढ्या गोंधळातही थोडा अभिमान आला. "मुशीचा तेल. असली. तीन वेळा पाजलंय. तू सांगितलंस ना, आपल्या होडीसारखे सांभाळा म्हणान."

आमच्याकडे लाकडी होडीला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कलेजीचं तेल पाजतात. त्याने लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही. रबराचं काय होतं ते समोर दिसत होतं. साल फुगून उकडलेल्या फणसासारखी लिबलिबीत झाली होती. बोट दाबलं की आत जात होतं. कुत्र्यांना दातसुद्धा लावावे लागले नसतील.

"किती चांगले आहेत?"

लाडूकाकांनी एकेक उलटून बघितला. "एक अर्धो हा."

बर्फाच्या कारखान्याच्या जिन्यावर सगळ्यात वरच्या पायरीला, डाव्या बाजूला झुकून उभं राहिलं की मोबाइलला रेंज यायची. मी तिथे झुकून बोट चालवणाऱ्या तांडेलाला फोन लावला. फोन भाईंनी उचलला. बोटीवरचे सगळे फोन त्या दिवशी भाईच उचलत होते.

"बोला मॅनेजर! आम्ही दीपगृह ओलांडलं. बायका गाणी म्हणतायत. ऐकू येतं?"

"भाई, एक विचारायचं होतं. खाडीत आल्यावर थोडा वेळ नांगर टाकून थांबता येईल का? तासभर."

"कशाला?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. "धक्क्यावर जरा साफसफाई चाललीय," मी म्हणालो.

"नांगर टाकता येणार नाही," भाई म्हणाले. "नांगराला काल चंदेरी रंग लावून घेतलाय, अजून ओला आहे. शिवाय तुझ्या वहिनींनी त्याची ओटी भरलीय. ओटीचे तांदूळ पाण्यात टाकायचे का?"

"मग बाहेर समुद्रातच..."

"अरे मुहूर्त चार बाराचा! आणि चारनंतर पाणी उतरायला लागलं की खाडीच्या तोंडावरची वाळू वर येते, हे तुला डिप्लोमात शिकवलं नाही का? लोड टांगले ना?"

"टांगतोय."

"दोन-चार अजून टांग. लोडांच्या कंपनीचे पोंक्षे फोटो काढायला बरोबर आलेत."

फोन गेला. दोन चाळीस. वारा पश्चिमेचा, बोटीला नेमका धक्क्यावर ढकलणारा. आणि भरतीच्या वेळी बोटीचं अंग बरोबर त्या सळयांच्या रांगेत येतं.

पोयनाळीत तासाभरात काय काय मिळू शकतं याचा मी जिन्यावर उभ्या उभ्या विचार केला. गाद्या पाणी पितील. केळीचे खुंट चिरडतील. एकच गोष्ट होती, आणि ती लिलावाच्या शेडखाली उभी होती, सहा चाकांवर आणि वर एक स्टेपनी.

बाबी आडकर ट्रकच्या केबिनमध्ये झोपला होता. पाय खिडकीबाहेर. मी तळव्याला हात लावला.

"कोण?"

"मी. हेमंत."

"कोण, डिप्लोमा?" पाय हलले नाहीत. "काय झाला?"

"बाबीदादा, टायर पाहिजेत."

पाय आत गेले आणि त्या जागी डोकं बाहेर आलं. झोप कुठल्या कुठे पळाली होती.

"टायर? त्या भंगाराचा काय करतलंस?"

"दादा, वेळ नाही. बोट येतेय."

"माका दिसता." त्याने शेडमध्ये मासे निवडत बसलेल्या बायकांकडे बघितलं. पंधरा-वीस तरी होत्या. "जरा मोठ्यान सांग. बायांका ऐकाक येऊक होया."

"टायर पाहिजेत!"

"कसे असतत टायर?"

"चांगले असतात."

"माका काय तसा आयकलेला आठवणा नाय."

"उत्तम असतात! टायर उत्तम असतात!"

"कशापेक्षा?"

"लोडांपेक्षा!"

"आणि लोडांचा काय झाला रे?" शेडमधून एका म्हातारीने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. बाबी वाट बघत राहिला. तीन वाजत आले होते.

"कुत्र्यांनी खाल्ले," मी म्हणालो.

शेडमध्ये जो हशा उठला तो मी आजही ऐकतो. एका बाईच्या हातातली सुरमई घसरत नाल्यापर्यंत गेली. पण बाबी हसला नाही. तो खाली उतरला, जॅक काढला आणि ट्रकखाली शिरला. "स्टेपनी धर," तो आतून म्हणाला. "मागची भायरची दोन देतंय. फुडली दोन पण काढ, खाली क्रेट लाव. पाच झाले. सहावो मागू नको. गाडीत दोन टन बर्फ हा, गाडी बसात."

पाच टायर आम्ही घरंगळवत धक्क्यावर नेले. तीन वीस. टायर टांगताना माझी बोटं दोनदा सळईला लागली, रक्त आलं. लाडूकाका मध्येच दिसेनासे झाले. मला वाटलं, लाजून घरी गेले. तेवढ्यात ते खाडीच्या चिखलातून कमरेपर्यंत भिजून वर आले. मागे एक मोठी जाळी ओढत होते. जाळीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, महिनाभर चिखलात कुजत ठेवलेली, पाणी पिऊन जड झालेली.

"ह्येचे दोन गठ्ठे होतत," ते धापा टाकत म्हणाले. "सुंभासाठी ठेवलेली. कोणाची ती विचारू नको."

सात झाले. धक्क्याच्या तोंडावर मी खडूने आठ जागा आखल्या होत्या. आठव्या जागी सळया सगळ्यात जास्त बाहेर आलेल्या, कारण तिथेच मागच्या साली वाळू वाहून नेणारा पडाव आपटला होता. आठव्या जागेवर टांगायला उरला तो अर्धा लोड. तो मी उचलायला गेलो तर पलीकडून कुणीतरी ओढला.

एक तांबडं कुत्रं. बाकीची दहा पोटं भरून सावलीत गेली होती. ह्याचं पोट भरलं नव्हतं. मी ओढला, ते गुरगुरलं. मी लाथ उगारली, त्याने दात आणखी रुतवले.

"बोट!" बाबी ओरडला.

वळणावर गजलक्ष्मी दिसली. तीन बावन्न. वीस मिनिटं लवकर. तोंडावर झेंडूच्या माळा, वरच्या मजल्यावर माणसं, पुढे हात जोडून उभे भाई, आणि नाळेवर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, चंदेरी नांगर उन्हात चमकत होता. बायका खरंच गाणी म्हणत होत्या. बोट एवढी सुंदर दिसत होती की क्षणभर मी कुत्र्याला विसरलो.

"ती वाऱ्यान येता," लाडूकाका म्हणाले. "इंजिनान नाय. वाऱ्यान. बघ."

खरं होतं. तांडेलाने इंजिन उलटं फिरवलं होतं, पण दोन मजल्यांच्या त्या उंच पांढऱ्या अंगावर पश्चिमेचा वारा बसत होता आणि ती आडवीच धक्क्याकडे सरकत होती. सरळ आठव्या जागेकडे.

"दोर!" वरून कुणीतरी ओरडलं. पुढचा दोर सुटून धक्क्यावर पडला. लाडूकाकांनी तो झेलला, खुंट्याला एक वेढा घातला आणि जोर लावून धरला. बोटीचं तोंड जरा वळलं, पण मागचा भाग येतच राहिला. मी अर्धा लोड कुत्र्यासकट ओढत काठावर आणला आणि सगळं अंग टाकून खाली सोडला. तो आठव्या जागी लोंबकळला. वरून कुत्र्याने त्याची कड धरली. कुत्र्याला वाटलं मी त्याचं जेवण पाण्यात टाकतोय. ते चारी पाय रोवून ओढायला लागलं.

"कुत्र्याक सोडव!" बाबी किंचाळला.

मी कुत्र्याच्या कमरेला मिठी मारली. लाडूकाका एका हातात दोर धरून धक्क्याच्या काठावर बसले आणि त्यांनी डावा पाय बाहेर काढला. तळवा बोटीकडे.

लहान होड्या ते आयुष्यभर तशाच अडवत आले होते. पायाने. पण समोरून येत होती ती पंच्याऐंशी फुटी.

"काका, पाय!"

त्यांनी ऐकलं नाही. मी कुत्रं सोडलं, त्यांना काखेत धरून मागे खेचलं, आम्ही दोघे पाठीवर पडलो. पाच टायर एकामागून एक 'ढप् ढप्' करत दबले. सोडणांचे गठ्ठे चपटे होऊन त्यांतून काळं पाणी उडालं. आणि शेवटी, कुत्र्याने लोड वीतभर वर ओढला होता नेमक्या तेवढ्या जागेत, एक आवाज आला.

कर्रर्र.

बारीकसा. वर बायका इतक्या जोरात गात होत्या की त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. बोट थांबली. टायरांवर रेलून हलकेच डोलायला लागली.

मी वाकून बघितलं. पांढऱ्या अंगावर, कठड्याच्या जरा खाली, एक काळा ओरखडा. वीतभर. बोटाने चाचपला. खोल नव्हता. पण होता.

माझ्या खांद्यावरून बाबीने बघितलं. भाईंच्या गळ्यात घालायला आणलेला हार त्याच्या हातात होता. त्याने तो शांतपणे बोटीच्या कठड्याला असा अडकवला की झेंडूची फुलं बरोबर ओरखड्यावर आली.

"माका काय दिसाक नाय," तो माझ्या कानात म्हणाला. "आता तू माझ्या टायरांचो माणूस."

भाई खालच्या मजल्यावर उतरले, एका हातात नारळ, एका हातात घड्याळ. धक्क्यावर फळी टाकली गेली. त्यांनी एक पाय फळीवर ठेवला, एक बोटीतच ठेवला आणि थांबले. मुहूर्ताला अजून पाच मिनिटं होती. तेवढ्यात त्यांच्यामागून कॅमेरा गळ्यात घातलेले कंपनीचे पोंक्षे डोकावले. फोटो काढायला ते आमचे लोड शोधत होते. त्यांना टायर दिसले. मग कुत्रं दिसलं. कुत्र्याच्या तोंडात कंपनीचं नाव छापलेला निळा तुकडा होता.

"हे काय?" पोंक्षे म्हणाले. वास त्यांच्यापर्यंत पोचला. "तेल? तेल कुणी लावलं ह्याला?"

"मी," लाडूकाका म्हणाले. दोर त्यांच्या हातातच होता, खुंट्याला एक वेढा घातलेला. "तीन वेळा."

"अहो, तेल लावायचं नाही! स्पष्ट लिहिलंय सूचनांमध्ये. प्रत्येक मालाबरोबर कागद देतो आम्ही!"

वरच्या मजल्यावरचं गाणं थांबलं. सत्तर माणसं कठड्यावरून खाली बघायला लागली. शेडमधल्या बायका मासे टाकून आल्या.

"लाडू," भाई म्हणाले, आवाज अगदी थंड, "तू कागद बघितला नाहीस?"

"माका वाचूक येणा नाय, भाई."

"मग हात कशाला लावलास? आठ लोड! उद्यापासून तू धक्क्यावर येऊ नको. घरी बस."

"बरा," लाडूकाका एवढंच म्हणाले, आणि हातातल्या दोराकडे बघत राहिले.

बोटीवरून कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. सगळं आपोआप जमून येत होतं. बोट लागली होती. लोडांचा गुन्हेगार सापडला होता. ओरखड्यावर झेंडू होते. मला फक्त काही न करता उभं राहायचं होतं. बाबी तेवढा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हे बघायची फार उत्सुकता होती की आता डिप्लोमा काय करतो.

जी गोष्ट मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती, ती अशी. पोंक्षे म्हणत होते तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. नऊ दिवस. चार पानी, इंग्रजी. त्यातलं पहिलं पान मी वाचलं होतं. त्यावर कंपनीला मिळालेल्या बक्षिसांची यादी होती, आणि ती यादी मी सगळ्यांना धक्क्यावर उभं करून मराठीत वाचून दाखवली होती. लाडूकाकांनी तेव्हा विचारलं होतं, "आणि मागे काय लिवलाहा?" मी म्हणालो होतो, "तुमच्या कामाचं काही नाही. तुम्ही आपल्या होडीसारखे सांभाळा."

मी पुढे झालो आणि कठड्यावरचा हार काढला.

"भाई, ओरखडा आलाय," मी म्हणालो. "आणि कागद माझ्याकडे होता. मी वाचला नाही. ह्यांना सांगितलं नाही."

बाबीने कपाळावर हात मारला. भाईंनी ओरखडा बघितला. मग घड्याळ.

"सभेच्या वहीत काय लिहिलंय ते आठवतं ना तुला?"

"आठवतं."

"मग उद्या कशाला? आत्ताच लिहून दे. ह्याला घरी बसव, तूपण बस. पोंक्षे, पेन द्या."

पोंक्षेंनी पेन काढलं. मी हात पुढे केला.

भाई अचानक "अरे!" म्हणाले.

त्यांचा फळीवरचा पाय आणि बोटीतला पाय यांच्यात अंतर वाढत होतं. वारा पडला होता, पाणी फिरायला लागलं होतं, आणि बोट हलकेच, अगदी प्रेमाने, धक्क्यापासून दूर निघाली होती. हातभर. दीड हात.

"लाडू! दोर!"

"दोर हा की माझ्या हातात," लाडूकाका म्हणाले. ते खुंट्यावरून तो बोटाबोटाने सोडत होते. "पण तू सांगितलंस घरी बस म्हणान. म्हणान जातंय. उद्याची वाट कित्याक बघू?"

"अरे ओढ! मी पडेन!"

"झिलाच्या कागदाचा काय?"

"कसला कागद?" भाईंचे पाय आता अशा कोनात होते की नारळ छातीशी धरण्याशिवाय त्यांना काहीच करता येत नव्हतं. वहिनी वरून किंचाळल्या.

"राजीनाम्याचो."

"कोणी मागितला राजीनामा? मी मागितला? पोंक्षे, तुम्ही मागितला? पेन आत ठेवा ते!"

"वहीत लिवलाहा म्हणतस."

"पान फाडतो! ओढ रे बाबा!"

"आणि माझा?"

"तूच धर दोर! मरेपर्यंत तूच धर!"

लाडूकाकांनी वेढा घट्ट केला आणि अंग मागे टाकलं. बाबी धावत जाऊन त्यांच्या मागे दोराला लागला, मी त्याच्या मागे, आमच्या मागे शेडमधल्या चार-पाच बायका. बोट आली. टायर 'ढप्' करून दबले. भाई दोन्ही पायांवर उभे राहिले, आणि घड्याळाकडे न बघताच त्यांनी हाताशी आलेल्या पहिल्या खुंट्यावर नारळ फोडला. चार चौदा झाले होते.

माणसं उतरायला लागली. लाडूकाकांनी दोराला आणखी दोन वेढे घातले, गाठ मारली, ती ओढून बघितली. मग चिखलाने भरलेला हात धोतराला पुसून ते माझ्यासमोर येऊन बसले, मांडी घालून, खुंट्याला पाठ टेकून.

"काढ तो कागद," ते म्हणाले. "वाच. बक्षिसा नको. मागचा."

मी कागद उलगडला. घामाने घड्या चिकटल्या होत्या. मी मराठी करत करत वाचायला लागलो. लोड सावलीत ठेवावेत. तेल, डिझेल, रॉकेल यांपासून दूर ठेवावेत. गोड्या पाण्याने धुवावेत. दोरी दर महिन्याला...

"थांब," लाडूकाका म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. "हळू. माका पाठ करूचा हा."